पास तर होतेच

माझी नात सहावीत असताना तिला लग्नाची पत्रिका वाचता आली नाही.

दिवाळी होऊन गेली होती. धान कापून शेताच्या बांध्यांत पडले होते. माझ्या पुतणीच्या मुलीचं लग्न निघालं होतं आणि पत्रिका वाटणारा माणूस उंबऱ्यावर पत्रिका ठेवून पुढच्या घरी गेला. माझा चष्मा सापडत नव्हता. मी नातीला म्हटलं, "वाच वं, कोनत्या दिवशी आहे अन् कोन्या गावाले आहे."

तिनं पत्रिका हातात धरली आणि धडाधड सुरू केलं. आमचे येथे श्रीकृपेकरून, घराण्यातील ज्येष्ठांच्या आशीर्वादाने, सर्वांनी उपस्थित राहून वधूवरांस शुभाशीर्वाद द्यावेत. एकदाही अडली नाही. मी तांदूळ निवडत होते. निवडता निवडता ध्यानात आलं की नवरीचं नाव आलं नाही, नवऱ्याचं आलं नाही, गावही आलं नाही.

"दिवस सांग," मी म्हटलं.

"सोमवार."

चष्मा डब्यामागे सापडला. पत्रिकेत गुरुवार होता. मी त्या एका शब्दाखाली बोट ठेवलं आणि विचारलं, हे काय लिहिलं आहे. तिनं शब्दाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"आजी, साऱ्या पत्रिका सारख्याच राहतेत," ती म्हणाली.

तिनं मोठ्या माणसांना पत्रिका वाचताना ऐकलं होतं आणि ऐकून पाठ केलं होतं. शाळेतल्या धड्यांचंही तसंच होतं. शेजारचं पोर वाचायचं, ही ऐकायची, आणि आपली पाळी आली की म्हणून दाखवायची.

मी चौथी पास आहे. आमच्या वेळी गुरुजी नापास करायचे. मी तिसरीत दोनदा बसले. पण मला जे आलं ते आलं. अजूनही मी राशनचा फलक वाचते, बसची पाटी वाचते, औषधाच्या पुडीवरचं वाचते. लहान वर्गांत आता सहसा कोणाला मागे ठेवत नाहीत. ही पोरगी दरवर्षी पास होऊन वर जात होती. पास होते म्हणजे येत असेल, असं मी धरून चालले. तिच्या आईनंही तेच धरलं होतं. आमच्याकडे सगळे तेच धरतात. कोणी विचारलं की सांगतो, पास तर होतेच.

ही माझ्या मुलीची मुलगी. मुलगी आणि जावई दरवर्षी संक्रांत झाली की टोळीबरोबर तेलंगणात मिरची तोडायला जायचे, ते पाडव्याच्या आसपास परत यायचे. पोरीला पाळण्यात होती तेव्हापासून बरोबर न्यायचे. शाळेत घातल्यावरही नेत राहिले. वर्षातले तीन महिने ती मिरचीच्या शेतात असायची. शाळेत तिचं नाव असायचं आणि जूनमध्ये ती पुढच्या वर्गात बसायची. त्यात काही चुकतं आहे असं कोणाला वाटलं नाही. मलाही नाही. माझ्या मुलीला तर मी सहावीतूनच काढलं होतं. धानाच्या रोवण्याला हात कमी पडत होते आणि तिचा हात चांगला चालायचा. त्या मानानं नात शिकत होती, असं मी समजत होते.

नात पाचवीत असताना माझी मुलगी मिरचीच्या शेतावरच गेली. कावीळ होती. आधी झाडपाला दिला, मग दवाखान्यात नेलं, तोवर उशीर झाला होता. जीपमध्ये घालून गावी आणली. बायांनी मला रडवायचा पुष्कळ प्रयत्न केला. एकीनं तर मला हलवून हलवून सांगितलं, रड वं, नाहीतर छातीत बसंल. रडू आलं नाही. अजून आलेलं नाही. त्याचं मला काही वाटत नाही. लोकांना वाटतं.

जावयाचे आईबाप आधीच गेले होते. त्याचं गाव माझ्या गावापासून पायी जाण्यासारखं आहे. तेराव्यानंतर त्यानं पोरीला माझ्याकडे आणून सोडलं, तिच्या कपड्यांची पिशवी ओसरीवर ठेवली आणि म्हणाला, "मामी, आता तुमीच पाहा." जूनमध्ये मी तिचं नाव आमच्या गावच्या शाळेत घातलं. शाळा सातवीपर्यंत आहे. पुढे कोंढ्याला जावं लागतं.

पत्रिकेच्या दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेले. भांडायलाच गेले होते. शाळेत तेव्हा सात वर्गांना तीन शिक्षक होते. त्यांतल्या एक मॅडम पवनीहून स्कूटीवर यायच्या. वयानं माझ्या मुलीपेक्षा लहान. मी त्यांच्यापुढे पत्रिका ठेवली आणि झालं ते सांगितलं.

"हिले सहावीत कोनं बसवलं?" मी विचारलं. "दुसरीत बसवा."

मॅडमनी वाद घातला नाही. म्हणाल्या, "मला माहीत आहे तिला वाचता येत नाही. जुलैतच कळलं. पण दुसरीत बसवली तर उद्यापासून ती शाळेत येणार नाही, मावशी."

"मंग कशी शिकंल?"

"ते माझ्याकडे राहू द्या. फक्त घरी तिला वाचून दाखव म्हणू नका. आणि ओरडू नका."

"मी नाही ओरडत."

"आता काय करताय?"

"हा माझा आवाजच आहे," मी म्हटलं.

त्या हसल्या. मला हसू आलं नाही, पण मी खुर्चीवर बसले.

त्यांनी काय केलं ते मला महिनाभरानं कळलं. पहिलीच्या वर्गाला वेगळा शिक्षक नव्हता. जेवणाच्या सुट्टीआधी अर्धा तास ती पोरं नुसती गोंधळ घालायची. मॅडमनी माझ्या नातीला सांगितलं, तू मोठी आहेस, रोज त्यांना एक गोष्ट वाचून दाखव, मला तेवढी मदत होईल. गोष्टीची पुस्तकं पातळ होती. एका पानावर एक चित्र आणि एक ओळ. कोंबडी बाहेर गेली. कोंबडी परत आली. सहावीतल्या पोरीच्या हातात कोणी उघडपणे असं पुस्तक दिलं असतं तर तिनं ते तोंडावर फेकलं असतं. पण इथं ती शिकवणारी होती. पहिलीच्या पोरांना ती कुठं चुकते ते कळत नव्हतं, आणि आवडलेली गोष्ट ती पोरं चार चार वेळा वाचायला लावायची.

शाळेत सगळ्यांना वाटलं, तिला मान दिला. तिलाही तसंच वाटलं. उद्याचं पुस्तक ती आदल्या दिवशी घरी आणायची. संध्याकाळी अंगणात बसून बोट ठेवून हळूहळू वाचायची, पोरांपुढे अडायला नको म्हणून. मी चुलीपाशी बसून ऐकायचे. एका शब्दावर ती पाच पाच वेळा अडकायची. सांगावंसं वाटायचं, पण मॅडमनी मना केलं होतं, म्हणून मी फुंकणी घेऊन जाळ फुंकत राहायचे.

उन्हाळा लागला तेव्हा ती पहिलीची पुस्तकं संपवून दुसरीची आणायला लागली होती. त्या वर्षी जावई मिरचीला गेला नाही. पोरीच्या आईला जाऊन वर्षही झालं नव्हतं. गावातच मिळेल ते काम केलं आणि दिवस काढले. पोरगी वर्षभर शाळेत राहिली. असं तिच्या आयुष्यात पहिल्यांदा झालं.

पुढच्या दिवाळीपर्यंत तिला वाचता येऊ लागलं. जोडाक्षराला अजून थांबायची आणि गणितात कच्चीच होती. मॅडम म्हणाल्या, आठवीला कोंढ्याला गेली तर बाकीच्या पोरींसारखी बसेल, मागच्या बाकावर लपणार नाही. फक्त हे वर्ष मोडू देऊ नका.

ती सातवीत होती त्या वर्षी संक्रांतीच्या आधी जावई आला.

आमच्या गावातूनही वीस-बावीस घरं मिरचीला जातात. टोळी निघायच्या आधी मॅडम घरोघर फिरायच्या. कोण जाणार, पोरं कोणापाशी ठेवणार, हे विचारून घ्यायच्या. घरी आजा-आजी असतील तर पोरं त्यांच्यापाशी. शाळेत खिचडी शिजवणारी बाई माझ्याच वयाची आहे, एकटी राहते, शाळेला लागून तिचं घर आहे. मागे राहिलेली पोरं संध्याकाळी तिच्या अंगणात जेवायची. आईबाप जाताना तिच्याकडे तांदळाचं पोतं टाकून जायचे. मॅडम दिवस मावळेपर्यंत थांबून पोरांचा अभ्यास घ्यायच्या आणि मग पवनीला जायच्या. हे कोणी वरून सांगितलं नव्हतं. तरीही काही घरं ऐकायची नाहीत. त्याच्या आदल्या वर्षी दोन पोरी टोळीबरोबर गेल्या. परत आल्या त्या शाळेत आल्याच नाहीत. एकीचं पुढच्या वर्षी लग्न झालं.

माझ्या नातीचा प्रश्न नव्हता, कारण मी घरी होते. मॅडमनी आमच्या दारात स्कूटी थांबवली सुद्धा नव्हती.

जावई ओसरीच्या कडेला बसला. मी पदर पुढे ओढून आतल्या दारात उभी राहिले. आमच्याकडे सासू जावयासमोर बसत नाही. चहा नातीनं दिला.

"मामी, पोरीले तीन महिने नेतो म्हनतो," तो म्हणाला.

"कायले?"

"एकट्या मानसाले टोळीत घेत नाही. मुकादम म्हनते, चूल असंल तं ये."

ते खरं होतं. आमच्याकडच्या टोळ्या माणसं मोजत नाहीत, चुली मोजतात. शेतावर प्रत्येक चुलीची एक झोपडी. एकटा माणूस म्हणजे तो दुसऱ्याच्या चुलीवर जेवणार, आणि त्यावरून बायांची भांडणं होणार. म्हणून चुलीमागे बाई असल्याशिवाय मुकादम नाव घेत नाही. बायको नसेल तर बहीण, बहीण नसेल तर मुलगी. जावयाला बहीण नव्हती. दुसरी बायको कर असं त्याला लोक सांगत होते, तो करत नव्हता. घर गळत होतं, गावात त्या हंगामाला काम नव्हतं. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं.

मी नातीला मॅडमला बोलवायला पाठवलं. मॅडम आल्या. जावई उठून उभा राहिला, हात जोडले.

"तीन महिन्याचाच सवाल आहे, मॅडम," तो म्हणाला. "परीक्षेच्या आधी आनून सोडतो. पास तं होतेच ते."

मॅडम बोलायच्या आधी मी बोलले. "ते पास होत होती तवा तिले पत्रिका वाचता येत नवती, जवाई. तुमाले मालूम आहे का?"

त्याला माहीत नव्हतं. त्यानं पोरीकडे पाहिलं. ती कपबशी घेऊन उभी होती. खाली पाहत होती.

"आता येते," मॅडम म्हणाल्या. "पण आताच येऊ लागलंय. तीन महिने तुटलं तर जूनमध्ये ती आठवीत कोंढ्याला जाणार नाही. दादा, मी अशा पोरी पाहिल्या आहेत. लाजेनं जात नाहीत."

"मी काय करू मॅडम?" तो म्हणाला. "मी तिले कामाले नाही नेऊन रायलो. रांधाले नेतो."

मग पोरगीच बोलली.

"मी जातो बाबासंग."

मॅडमनी तिच्याकडे पाहिलं. ती मॅडमकडे न पाहता माझ्याशी बोलली. "आजी, बाबा एकटा असला का जेवत नाही. नुसता चहा पेते. आई होती तवा बी ते बसून जेवू घाले."

जावयानं मान दुसरीकडे केली. तो खरंच वाळला होता. मला ते दिसत होतं, पण मी बोलले नव्हते. माझ्या डोक्यात तेव्हा मोठं काही आलं नाही. मुलीची आठवण आली नाही, दयाही आली नाही. एवढंच आलं की चुलीमागे बाई पाहिजे आहे आणि बाई कोणती ते मुकादमानं सांगितलेलं नाही.

"मी जातो," मी म्हटलं.

"कोठी?" जावई म्हणाला.

"मिरचीले. तुमची चूल मी पेटवतो. पोरगी इथं राहील."

तो पायरीवरून उतरून अंगणात गेला आणि परत आला. "मामी, लोक का म्हनतील?"

"लोकायले मिरची तोडाले लावा."

लोक काय म्हणतील ते मलाही माहीत होतं. मुलगी जिवंत असताना मी तिच्या घरी एकदाही दोन रात्रींच्या वर राहिले नाही. आता ती नसताना जावयाच्या चुलीवर तीन महिने राहायचं, एका प्लास्टिकच्या झोपडीत. आमच्यात असं कोणी करत नाही. असं केलेलं मी ऐकलंही नव्हतं.

मॅडम म्हणाल्या, "मावशी, तुम्ही गेल्यावर ही कोणापाशी राहील? घरी मोठं माणूस नसेल तर मी तिला एकटी ठेवू शकत नाही."

"ते तुमी पाहा. मी माझं सांगतलं," मी म्हटलं.

त्या तशाच खिचडीवालीकडे गेल्या. मीही मागून गेले. खिचडीवाली भांडी घासत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, "जवायाच्या चुलीवर सासू! असं पायलं नवतं बाप्पा."

"आता पाय."

"या वयात हात भाजून घेशील."

"माझे हात आहेत."

"पोट्टी राहील माझ्याजवळ," ती मॅडमला म्हणाली. "झोपाले जागा आहे. पन मी मीठ कमी खातो. मंग रडाचं नाही."

मॅडमनी विचारलं, "तुम्हाला त्रास नाही ना होणार?"

"सारी शाळा जेवू घालतो मी. एका पोट्टीचा काय तरास?"

असं ते ठरलं. मुकादम आला तेव्हा त्यानं मला खालून वरपर्यंत पाहिलं. "हे डोकरी का करंल?" त्यानं जावयाला विचारलं.

"रांधीन," मी म्हटलं. "अन् हात चालतेत. तुह्या बायकोपेक्षा चालतेत, तिले विचार."

त्याची बायको मागे उभी होती. तिनं तोंडावर पदर धरला. त्यानं आमची चूल धरली.

निघायच्या सकाळी मी नातीची कपड्यांची पिशवी खिचडीवालीकडे पोचवली. पोरगी शाळेच्या कपड्यांत होती. रडेल म्हणून बाया पाहायला उभ्या होत्या. ती रडली नाही. आमच्याकडचंच रक्त आहे. ती म्हणाली, "बाबाले आंबट आवडत नाही," आणि प्रार्थनेची घंटा झाली म्हणून गेली.

मिरचीच्या शेताचं सांगण्यासारखं फार नाही. उजाडलं की ओळीत लागायचं. दोन दिवसांत बोटं जळायला लागतात. डोळ्याला हात लावायचा नाही, हे लक्षात राहीपर्यंत दोन-तीनदा लागतो. रात्री हात ओल्या मातीत खुपसून ठेवले की बरं वाटतं. बाकीच्या बाया सुरुवातीला माझ्यापाशी बसत नव्हत्या. आपापसांत बोलायच्या. एकीनं मोठ्यानं विचारलं, "सासूबाई, जवाई पाय दाबून देते का?"

"तुहा नवरा दाबते का तुह्या मायचे?" मी म्हटलं. त्यानंतर त्या माझ्यापाशी बसू लागल्या.

जावई बाहेर झोपायचा, मी आत. मी ताट वाढून झोपडीच्या तोंडाशी ठेवायचे आणि मागच्या बाजूला निघून जायचे. तो जेवून ताट धुऊन पालथं घालायचा. पहिले आठ दिवस तो अर्धंच जेवला. मी पहिल्याइतकंच वाढत राहिले. आठ दिवसांनी ताट रिकामं यायला लागलं. आम्ही बोलायचो ते एवढंच. तेल संपलं. उद्या पाणी यायचं नाही. लाकडं ओली आहेत.

एक दिवस टोळीतल्या एका बाईनं मला शेताच्या कडेचं एक चिंचेचं झाड दाखवलं. माझी मुलगी आजारी पडली तेव्हा सावलीला तिथंच टाकली होती, असं ती म्हणाली. शेत तेच होतं, मला कोणी आधी सांगितलं नव्हतं. मी झाड पाहिलं. चिंचा लागल्या होत्या. बाई माझ्या तोंडाकडे पाहत उभी राहिली. मी म्हटलं, चाल, ओळ रायली आहे. दिवसभर तोडत होते आणि त्या दिवशी रोजच्यापेक्षा थोडं जास्तच तोडलं. मनात काय होतं असं कोणी विचारलं तर मला सांगता येणार नाही. काही नव्हतं, असंच वाटतं.

शनिवारी संध्याकाळी मॅडम जावयाच्या फोनवर फोन करायच्या आणि नातीला द्यायच्या. जावई आधी बोलायचा, मग फोन जमिनीवर ठेवून बाजूला व्हायचा. मी उचलायचे.

"जेवली का?"

"जेवली. तू?"

"जेवतो. बाबाबी जेवते. शाळेत जातं का?"

"हो."

"बरं."

त्याहून जास्त मला फोनवर सुचत नाही. एकदा ती म्हणाली की खिचडीवाली आजी मीठ कमी नाही, टाकतच नाही. तिनं मिठाची पुडी दप्तरात ठेवली आहे. मी ते जावयाला सांगितलं. तो हसला. टोळीवर आल्यापासून त्याला पहिल्यांदाच हसताना पाहिलं.

पाडव्यानंतर आम्ही परत आलो. परीक्षा सुरू होती. पोरगी उंच झाली होती. मला पाहून ती धावत वगैरे आली नाही. माझे हात हातात घेऊन उलटेपालटे करून पाहिले आणि खोबरेल तेल आणायला गेली. मॅडमनी सांगितलं, तीन महिन्यांत एक दिवस सुद्धा गैरहजर नव्हती. त्या वर्षी टोळीबरोबर गेलेल्या घरांतल्या आणखी चार पोरी मागे राहिल्या होत्या. एकीच्या घरी राखायला माणूस नव्हतं. तिला खिचडीवालीनं आमच्या पोरीबरोबरच झोपवली. पण दुसरी एक गेलीच. मॅडम तिच्या घरी तीनदा गेल्या होत्या. त्यांनी ते मला सांगितलं तेव्हा त्या थकलेल्या दिसल्या. मी त्यांना काही बोलले नाही. मला तसलं बोलता येत नाही.

निकालानंतर, जूनमध्ये शाळा उघडायच्या तोंडावर, मॅडम दाखला घेऊन घरी आल्या. कोंढ्याच्या शाळेत नाव घालायचा अर्ज होता, त्यावर बापाची सही पाहिजे होती. जावयाला बोलावून घेतलं. तो ओसरीवर बसला, अर्ज मांडीवर ठेवला, पण पेन उघडलं नाही.

"मॅडम, एक बोलतो," तो म्हणाला. "मामीचे तिथं लई हाल झाले. मी पायले. रात्री हात मातीत घालून बसत. मी बाहेर झोपलो असलो तरी दिसे मले. म्हातारं मानूस आहे. पुढच्या साली मी त्यायले नाही नेत. मले पाप लागंल."

मॅडमनी विचारलं, "मग?"

"मंग पोरगीच येईल. आता सातवी झाली. वाचता येते. कोंढ्याले नाव टाकून काय करू? अर्ध्यातून काढाच लागंल."

तो हे वाईट मनानं म्हणत नव्हता. माझ्यासाठीच म्हणत होता. तीन महिने मी वाढलेलं खाऊन तो त्या बोलण्यापर्यंत आला होता. पोरगी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. या वेळी ती 'मी जातो' म्हणाली नाही. 'नाही जात' असंही म्हणाली नाही. ती माझ्याकडे पाहत होती. मी काय म्हणते त्यावर सगळं होतं, हे तिला कळत होतं.

दोन वर्षांत मी तिच्याशी गोड बोलले नव्हते. तेव्हाही मला गोड काही सुचलं नाही.

"माहे हात माहे आहेत, जवाई," मी म्हटलं. "त्याचं पाप तुमाले कायले लागते? पोरीले काढली तं लागंल. मी माह्या पोरीले सहावीत काढली होती. मले मालूम आहे कसं लागते ते."

हे मी त्याआधी कोणापुढे बोलले नव्हते. बोलायचं ठरवलंही नव्हतं. मॅडम खाली पाहू लागल्या. जावयानं विचारलं, "पन पुढच्या साली तुमाच्यानं होईल का मामी?"

"नाही झालं तं मुकादमाले सांगा का सासू मेली. तवर चूल माही आहे. सही करा. मॅडमले पवनीले जाचं आहे."

त्यानं सही केली. सावकाश, एक एक अक्षर. तोही सातवीपर्यंतच गेलेला आहे. मॅडमनी अर्ज घडी करून पर्समध्ये ठेवला आणि पोरीला म्हणाल्या, सोमवारी सकाळी तयार राहा, पहिल्या दिवशी मी कोंढ्यापर्यंत येते. पोरगी हो म्हणाली आणि विहिरीवर पाण्याला गेली.

आता ती रोज बसनं कोंढ्याला जाते. गणितात अजून कच्चीच आहे. तिथले सर वेगळे आहेत, कसे आहेत ते मला माहीत नाही. मॅडम अधूनमधून दारात स्कूटी थांबवून विचारतात. रोवणे झाले, कापणी झाली. गुडघा दुखतो आहे. संक्रांतीला अजून महिना आहे. जाता आलं तर मी जाईन. आलं नाही तर चुलीमागे दुसरी कोणती बाई मिळते ते शोधावं लागेल. खिचडीवालीला विचारून ठेवलं आहे. ती म्हणाली, शाळा कोण जेवू घालंल? तेही खरं आहे. मॅडमनाही सांगून ठेवलं आहे की अजून काही ठरलं नाही, पण पोरगी जाणार नाही.